मोबाईल एकच, शिक्षा निरनिराळ्या

परभणीत दरवर्षी २ फेब्रुवारीपासून हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. पाळणे, मिठाईची दुकाने, दर्शनाला आलेली कुटुंबे. पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत खिसेकापूंचे फावते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. समजा, एकाच संध्याकाळी तिथे दोन मोबाईल चोरीला गेले. पहिला एका शेतमजुराचा, बराच वापरलेला, विकायला काढला तर चार हजारही येणार नाहीत असा. दुसरा कॉलेजातल्या मुलाचा, नुकताच अठरा हजारांना घेतलेला. दोन्ही चोर सापडले. दोघांचाही पहिलाच गुन्हा आणि दोघांनीही मोबाईल परत केले. खटल्यात दोघे दोषी ठरले, तर पहिल्याला तुरुंगाऐवजी विनामोबदला समाजोपयोगी काम करावे लागेल. दुसऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गर्दी तीच, खिसा तसाच, हातचलाखीही तीच. मग शिक्षेत एवढे अंतर का?

याचे उत्तर १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. पण ते कलमांची यादी पाठ करून सापडत नाही. कायदा एखाद्या कृत्याची शिक्षा ठरवताना कोणते प्रश्न विचारतो, ते आधी पाहावे लागते.

खुनाचे तीन आकडे

उर्वरित महाराष्ट्रात ‘तीनशे दोन’ म्हटले की खून, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. परभणीचे तसे नाही. मराठवाडा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होता आणि तिथे हैदराबाद संस्थानाची स्वतंत्र दंड संहिता चालत असे. तिच्यात खुनाच्या शिक्षेचे कलम २४३ होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले, तरी इंग्रजांच्या काळातली भारतीय दंड संहिता इथे लागू व्हायला १ एप्रिल १९५१ उजाडावा लागला. तेव्हा २४३ चे ३०२ झाले. आता ३०२ चे १०३ झाले आहे. मुंबई-पुण्याने हा आकडा एकदाच बदललेला पाहिला, परभणीने दोनदा.

शेतकऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले, तेव्हा बहुतेकांचे शेत जागच्या जागीच राहिले. बदलला तो सातबाऱ्यावरचा आकडा. काही ठिकाणी मात्र दोन तुकड्यांचा एक गट झाला आणि कुठे कुठे बांधही सरकला. न्याय संहितेचे तसेच झाले आहे. जुन्या दंड संहितेत ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. म्हणून दीडशे गुन्हे माफ झाले असे नव्हे. पूर्वी चोरीची व्याख्या ३७८ मध्ये आणि शिक्षा ३७९ मध्ये होती. आता दोन्ही ३०३ मध्ये आहेत. फसवणुकीची ४१५ पासून ४२० पर्यंत पसरलेली कलमे जवळपास सगळी ३१८ आणि ३१९ मध्ये गोळा झाली.

तेव्हा आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. बांध कुठे सरकला, तेवढे पाहायचे. चोरीच्या बाबतीत तो बराच सरकला आहे.

पाच हजारांची रेघ

कलम ३०३ प्रमाणे साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जुन्या कायद्यातही ती एवढीच होती. नवीन गोष्टी दोन. पुन्हा चोरीत दोषी ठरणाऱ्याला आता किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी व दंड आहे. आणि मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. शेतमजुराचा मोबाईल चोरणारा त्यात बसला, दुसरा पहिल्याच अटीला अडकला.

सामुदायिक सेवा ही शिक्षा या देशाच्या मुख्य दंडविधानात प्रथमच आली. आता शिक्षेचे प्रकार सहा आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, सक्तमजुरीची किंवा साधी कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि ही सेवा. तिची व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या जोडीच्या कायद्यात दिली आहे. समाजाच्या फायद्याचे आणि मोबदला न मिळणारे काम, एवढेच ती सांगते. काम कोणते, किती तास, देखरेख कोणाची, हे तिथे लिहिलेले नाही. ते न्यायदंडाधिकाऱ्यावर सोडले आहे.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतला आणि अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यावरून देशभर संताप उसळला. तो निबंध म्हणजे सामुदायिक सेवेची शिक्षा नव्हती. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली ती अट होती आणि तेव्हा नवी संहिता लागूही झाली नव्हती. संहितेने सामुदायिक सेवा मोजक्या किरकोळ गुन्ह्यांनाच ठेवली आहे. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणे हा त्यातलाच एक. त्याला चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सामुदायिक सेवा आहे. जुन्या कायद्यात या धिंगाण्याचा दंड दहा रुपये होता. १८६० साली ठरलेला तो आकडा १६० वर्षांहून अधिक काळ कोणी बदलला नाही.

पाच हजारांच्या रेघेची दुसरी बाजू फिर्यादीला जाणवते. या रेघेखालची चोरी नागरिक सुरक्षा संहितेच्या तक्त्यात अदखलपात्र आणि जामीनपात्र दाखवली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलीस तक्रार नोंदवून घेतील, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकणार नाहीत आणि वॉरंटाशिवाय अटकही नाही. लोकांच्या भाषेत ‘एनसी’. ज्याच्याकडे चार हजारांचा मोबाईल आहे, त्याच्यासाठी तो बहुधा एकुलता एक असतो आणि हजेरीचे पैसेही त्यावरच येतात. चोरावर दया दाखवताना गरीब फिर्यादीचा तपास अवघड झाला, हे या तरतुदीतले व्यंग म्हणावे लागेल. शिवाय चोर पहिलटकर आहे की मुरलेला, हे तो सापडल्याशिवाय कळणार कसे?

कुठून नेला, कसा नेला, किती जणांनी नेला

आतापर्यंत कायद्याने एकच प्रश्न विचारला: किंमत किती? पुढचे प्रश्न जास्त वजनाचे आहेत.

तोच मोबाईल परभणीहून गंगाखेडला निघालेल्या एसटीत बसल्यावर गेला असता तर? प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनातून केलेली चोरी कलम ३०५ मध्ये जाते आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. घरातून केलेली चोरी, सरकारी किंवा नगरपालिकेच्या मालमत्तेची चोरी आणि देवस्थानातील मूर्तीची चोरी हीदेखील याच कलमात. मूर्तीचा स्वतंत्र उल्लेख नवा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या जालना जिल्ह्यात, समर्थ रामदासांच्या जांब समर्थ या जन्मगावी, राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या. पुढे त्या सापडल्या, पण मधले दोन महिने अख्खा मराठवाडा अस्वस्थ होता. अशा चोरीचे मोल धातूच्या भावाने करता येत नाही. नव्या कायद्याने तेवढे ओळखले.

आता ‘कसा’ हा प्रश्न. मोबाईल नकळत काढला तर चोरी. दुचाकीवरून येऊन हातातून झटकन ओढून नेला, तर ते कलम ३०४, हिसकावणे. सकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रे ओढण्याचे प्रकार अनेक शहरांनी पाहिले आहेत. पूर्वी त्यासाठी स्वतंत्र कलम नव्हते. पोलीस साधी चोरी तरी लावत, नाहीतर जबरी चोरी. नव्या संहितेने गुन्ह्याला स्वतःचे घर दिले, पण शिक्षा तीन वर्षांपर्यंतच ठेवली. साध्या चोरीहून फरक एवढाच की इथे कैदेबरोबर दंडही आहे आणि पाच हजारांची सवलत नाही. गळ्याला ओरखडे उठवून, बाईला रस्त्यावर पाडून दागिना नेणाऱ्याला ही शिक्षा अपुरी आहे. अर्थात दुखापत केली किंवा तिची भीती घातली, तर पोलिसांना कलम ३०९, म्हणजे जबरी चोरी लावता येते. तिथे शिक्षा थेट दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर केली तर चौदा. जबरी चोरी करताना प्रत्यक्ष दुखापत केली, तर जन्मठेपेपर्यंत. त्यामुळे फिर्यादीत ‘दागिना ओढला’ एवढेच लिहायचे की ‘चाकू दाखवला, ढकलले, मानेला जखम झाली’ हेही लिहायचे, यावर निदान सात वर्षांचा फरक पडतो.

शेवटी ‘किती जणांनी’. उरुसातले खिसेकापू सहसा एकटे येत नाहीत. एक धक्का देतो, दुसरा खिशात हात घालतो, तिसरा माल घेऊन पसार होतो. अशा टोळीसाठी कलम ११२ आले आहे: किरकोळ संघटित गुन्हा. नाव किरकोळ असले तरी शिक्षा किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षे, वर दंड. खिसेकापूगिरी, दुकानातून माल लांबवणे, एटीएमची चोरी, बेकायदा सट्टा, तिकिटांचा काळाबाजार आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिका विकणे, हे सगळे टोळीने केले तर या एकाच कलमात येते. शेतमजुराचा तो चार हजारांचा मोबाईल टोळीने मारला असेल, तर सामुदायिक सेवेचे दार बंद.

आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, तर तो कलम ३१० खाली दरोडा. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

चौकट: एक मोबाईल, सात वाटा

पाच हजारांपेक्षा कमी किंमत, पहिला गुन्हा, माल परत: सामुदायिक सेवा (कलम ३०३)
साधी चोरी: ३ वर्षांपर्यंत (कलम ३०३)
हातातून हिसकावला: ३ वर्षांपर्यंत आणि दंड (कलम ३०४)
एसटीतून किंवा घरातून नेला: ७ वर्षांपर्यंत (कलम ३०५)
टोळीने नेला: १ ते ७ वर्षे (कलम ११२)
धाक दाखवून नेला: १० वर्षांपर्यंत; दुखापत करून नेला: जन्मठेपेपर्यंत (कलम ३०९)
पाच किंवा अधिक जणांनी धाकाने नेला: जन्मठेपेपर्यंत (कलम ३१०)

छत आणि जमीन

वर्तमानपत्रात ‘सात वर्षांची शिक्षा असलेले कलम लावले’ असे वाचले की लोक आरोपी सात वर्षे आत गेला असे धरून चालतात. कायद्यातला हा आकडा बहुतेक वेळा वरची मर्यादा असतो. तिच्याखाली न्यायालय आरोपीचे वय, पूर्वेतिहास आणि गुन्ह्याची पद्धत पाहून शिक्षा ठरवते. काही गुन्ह्यांना खालची मर्यादाही आहे. तिथे न्यायाधीशाला दया आली तरी त्याहून खाली उतरता येत नाही. बलात्काराला किमान दहा वर्षे आणि हुंडाबळीला किमान सात वर्षे ही त्याची उदाहरणे.

जन्मठेपेचेही तेच. ‘चौदा वर्षांत सुटतो’, ‘दिवस-रात्र वेगळे मोजतात’ असे पारावर ठामपणे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्यभर कैद. शिक्षेतून सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे. मात्र ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी सोडता येत नाही. म्हणजे चौदा हा सुटकेचा हक्क नाही, त्याआधी अर्जही चालणार नाही अशी रेषा आहे. आणि दिवस-रात्र एकच मोजतात.

तारीख पाहा, मग कलम

जिल्हा न्यायालयात आज जुन्या दंड संहितेचे, म्हणजे भादंविचे, आणि न्याय संहितेचे खटले शेजारी शेजारी चालतात आणि पुढची कित्येक वर्षे चालतील. कारण कायदा ठरतो तो गुन्ह्याच्या तारखेवरून. ३० जून २०२४ च्या मध्यरात्रीपर्यंत घडलेला गुन्हा जुन्या संहितेखाली, त्यानंतरचा नव्या संहितेखाली. पुण्याची ती मोटार १९ मे २०२४ ला धडकली, म्हणून गुन्हा भादंविखाली. ७ जुलै २०२४ ला मुंबईत वरळीला मोटारीने दुचाकीवरच्या दांपत्याला उडवले आणि पत्नीचा जीव गेला, तो न्याय संहितेखाली. संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाचे हे संरक्षण आहे: गुन्हा घडला त्या दिवशी जेवढी शिक्षा होती, त्याहून जास्त नंतर लादता येत नाही.

अपघातांच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती, आता पाच वर्षांपर्यंत; उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी मात्र दोनच. अपघात करून पोलिसांना किंवा न्यायदंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद कलम १०६ च्या दुसऱ्या भागात छापलेली आहे, पण ती लागू नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवसांत ट्रकचालकांनी संप केला, महाराष्ट्रभर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सरकारने तेवढा भाग बाजूला ठेवला. पुस्तकात आहे आणि कायद्यात नाही, असा हा चमत्कारिक तुकडा.

काय गेले, काय आले

आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा होता. ते कलम गेले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या मराठवाड्यात ही सुटका उशिरा का होईना, झाली. त्याजागी एक मर्यादित कलम उरले आहे, २२६. सरकारी नोकराला त्याचे काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा सामुदायिक सेवा. स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताक दिन जवळ आला की कार्यालयांत आत्मदहनाच्या इशाऱ्यांची निवेदने येतात. रखडलेल्या कामांनी टेकीला आलेल्या माणसाचा हा शेवटचा उपाय गुन्हा ठरतो आणि काम रखडवणारा बाजूला राहतो, ही टीका रास्त आहे.

जमावाने घेतलेल्या बळींसाठीही वेगळी तरतूद आली. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर गटातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. ‘मी फक्त उभा होतो’ ही सबब जुन्या कायद्यातही सहज चालत नसे. आता ती आणखी अवघड झाली.

संहितेच्या बाहेर

प्रत्येक गुन्हा न्याय संहितेत सापडेल असे मात्र नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. संविधानाच्या अपमानाची शिक्षा न्याय संहितेत नाही. ती राष्ट्रीय सन्मानाच्या अपमानाला प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात आहे, तीन वर्षांपर्यंत. ॲट्रॉसिटी, पोक्सो, राज्याचा मोक्का आणि जादूटोणाविरोधी कायदा हेही स्वतंत्रच राहिले. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून त्याच महिन्यात झाला. संघटित गुन्हेगारीचे कलम न्याय संहितेत आले असूनही तिथे मोक्का लावण्यात आला.

परभणीत दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, अटका झाल्या आणि अटकेतल्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी व्हावी, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९६ सांगते. त्या अहवालाचे पुढे काय करायचे, याबद्दल मात्र कलम गप्प आहे. तरुणाच्या आईच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. नव्या कायद्यातली एक फट परभणीच्या प्रकरणाने उघड केली.

फिर्याद द्यायला जाताना

सामान्य माणसाचा संबंध शिक्षेपेक्षा आधी पोलीस ठाण्याशी येतो. गुन्हा परभणीतल्या नानलपेठ ठाण्याच्या हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद जिंतूरच्या ठाण्यातही घ्यावीच लागते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवतात. फिर्याद ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदलेल्या फिर्यादीची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट मिळते, तिच्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागत नाहीत. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत कळवायचे आहे.

प्रत हातात पडली की घटनेची तारीख, ठिकाण, किती जण होते, शस्त्र किंवा दुखापत यांचा उल्लेख आणि मालाची किंमत एवढे नीट वाचावे. कलम याच तपशिलावरून ठरते. किंमत सांगताना अंदाजाने आकडा ठोकू नये, बिल असेल तर जोडावे. आणि ठाण्यात फिर्याद घ्यायला नकार मिळाला, तर तीच हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हा अधिकार लिहून ठेवला आहे.